व्याह्यांचे मासे मोजताना

मंगरूळपीर

परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी मासे विचारतो आणि मग शर्टपीस. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, आणि कापड घ्यायचं असेल तर बाकीच्यांना वाट द्यावी.

आमचं मंगरूळपीरला कापडाचं दुकान आहे. सारा जन्म मीटरपट्टी हातात घेऊन गेला. नदी या गोष्टीशी माझा संबंध एवढाच, की पुलावरून एस्टी जाताना बायको सुनंदा नाणं टाकते आणि ते बहुतेक वेळा वाळूत पडतं. अशा माणसाला हिमाचलात, बर्फाच्या पाण्यात छातीइतकं उभं राहून मासे मोजावे लागले, याचं कारण आमची मुलगी.

प्राची चंदीगडला नोकरी करते. तिथेच काम करणाऱ्या निशांत ठाकूर नावाच्या पहाडी मुलाशी तिचं जमलं. आम्ही आधी रुसलो, मग मुलगा पाहिला, मग हसलो. त्याच्या घरचेही राजी होते. तरी तीन वर्षं लग्न अडून बसलं होतं, आणि अडवणारा होता एक मासा.

या माशाचं नाव ट्राउट. थंड पाण्यात राहतो, अंगावर ठिपके, स्वभावाने संशयी. त्याला पकडायची रीत अशी: गळाला पिसं आणि दोरा बांधून नकली माशी तयार करायची, लांब दोरी हवेत मागेपुढे झुलवून ती माशी पाण्यावर अलगद ठेवायची. मासा फसला की काढायचा, मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. निशांतच्या खोऱ्यात दरवर्षी याची मोठी स्पर्धा होते. त्याचे वडील दरवर्षी दुसरे येतात. पहिला येतो त्यांचा सख्खा मेहुणा, निशांतचा मामा रोशनलाल. तीन वर्षांपूर्वी हरल्यावर ठाकूरजी तसेच ओल्या कपड्यांनी ग्रामदेवतेपुढे गेले आणि म्हणाले, मी जिंकेन तेव्हाच माझ्या दारात सनई वाजेल. दारात वाजण्यासारखी सनई एकच बाकी होती, निशांतच्या लग्नाची.

शेलूबाजारला माझा मावसभाऊ तुरीचा व्यापार करतो. त्याला हे सगळं सांगितलं.

"पकडून सोडून देतेत? मंग पकडतेत काहून?"

"मोजाले."

"मोजून काय करतेत?"

"लिवून ठेवतेत."

त्याने हातातली मूठभर तूर पोत्यात परत टाकली. मग म्हणाला, "तुमच्या पोट्टीले दुसरं घर नाई भेटलं काय?"

ठरलं असं, की ऐन स्पर्धेच्या वेळी आम्ही दोघांनी जायचं, ओळख वाढवायची आणि जमलं तर नवसातून काही वाट काढायची. प्राचीने फोनवर बजावलं, "बाबा, मासा खायची गोष्ट काढू नका. मामांचं नाव काढू नका. ते जे म्हनतीन त्याले हो म्हना." सुनंदाने साडी, शर्टपीस आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याची मोठी बरणी बांधून घेतली. ठेच्याबद्दल प्राची काहीच बोलली नव्हती. चूक तिथेच झाली.

ठाकूरजींच्या घरी

रेल्वे, बस, जीप आणि सुनंदाच्या उलट्या वगळतो. देवदारांच्या उतारावर लाकडी घर, खाली नदी. नदी म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. ती रात्रंदिवस बोलत होती आणि कुणाचं ऐकत नव्हती. सुनंदा कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, हे पानी असंच वाहून जाते? कोनी अडवत नाई?" तिच्या अनसिंगच्या माहेरी विहिरीला पाणी लागलं तेव्हा गावात पेढे वाटले होते.

ठाकूरजी उंच, पांढऱ्या मिशीचे, डोक्यावर कुल्लूची रंगीत पट्टीची टोपी. बोलणं थोडं आणि तेही पहाडी हिंदीत. ते मी इथे मराठीतच देतो. माझ्या हिंदीचं काय झालं ते न लिहिलेलं बरं.

अंगणात त्यांनी एक कोंबडा पाळला होता. माश्या बांधायला त्याच्याच मानेची पिसं लागतात. त्यामुळे कोंबड्याची मान उघडी पडली होती, आणि ठाकूरजी खोकले तरी तो बाजेखाली जायचा. आमच्याकडे दुकानदार माश्या मारतो तेव्हा धंदा बसलेला असतो. इथे घरचा कर्ता पुरुष भिंग लावून दिवसभर एक माशी बांधतो आणि बायको त्याला चहा नेऊन देते. मी ती माशी हातात घेऊन पाहिली. खरोखर सुरेख होती. मी तसं म्हणालो, तर ठाकूरजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

जेवायला सिड्डू होते. वाफवलेल्या आंबलेल्या कणकेचे गोळे, आत अक्रोड आणि खसखस, वर तुपाची धार. सुनंदाने एक फोडला, वास घेतला आणि जाहीर केलं, "आपले पानगे हायेत, पन लाडानं वाढलेले." ठाकूरजींच्या पत्नी, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, तिकडच्या बोलीत समधीणबाई, खूश झाल्या. त्यांना शब्द एकही कळला नव्हता.

तळ्यावर

स्पर्धा दोन दिवसांची. पहिला दिवस वरच्या तळ्यावर, दुसरा खालच्या नदीत. तळं डोंगराच्या कुशीत, पाणी इतकं स्वच्छ की मासा आपल्याला पाहतो आहे हे आपल्याला दिसतं. काठावर स्पर्धक अंतराअंतराने उभे. प्रत्येकाच्या मागे एक मोजणारा. त्याच्याकडे पन्हळीसारखी पाटी असते, एका टोकाला भिंत, तळाला आकडे. माशाचं तोंड भिंतीला टेकवायचं, शेपटी कुठे येते ते वाचायचं, कार्डावर लिहायचं. दोन दिवसांच्या मापांची बेरीज ज्याची जास्त, तो पहिला. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा हिशेबात धरत नाहीत. मासा मिळाला की स्पर्धक कार्डावर सही करतो, आणि सही झाली की देव आला तरी आकडा बदलत नाही, असं स्पर्धेच्या सेक्रेटरीने सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

ठाकूरजींच्या मागे मोजायला झाबेराम होते. सत्तरीचे, हसरे, दात कमी. हे खोऱ्यातल्या देवतेचे गूरही आहेत. गूर म्हणजे ज्याच्या अंगात देवता येऊन बोलते तो. एरवी ते सफरचंदं विकतात.

दोरी हवेत झुलते ते दृश्य मात्र पाहण्यासारखं. ठाकूरजींचा हात घड्याळाच्या लंबकासारखा मागेपुढे, आणि दोरी अशी लांबत जाते की जणू कापडाचं थान उलगडतं आहे. पाण्याला स्पर्श, क्षणभर काहीच नाही, मग पाणी फुटतं. सुनंदा काठावर बसली होती. तिला मासे आमच्या आधी दिसायचे.

"ठाकूरजी! तो पाहा, गोट्याच्या मागं! अवो, सांगा ना त्याहिले, डाव्या अंगाले हाये!"

स्पर्धकाला मदत करायची नाही असा नियम होता. सेक्रेटरी धावत आला. सुनंदाला तोंड बंद ठेवायला सांगितलं. मग ती डोळे मिटून मोठ्याने रामरक्षा म्हणू लागली. तिला थांबवायचा नियम त्यांच्याकडे नव्हता.

संध्याकाळी ठाकूरजी रोशनलालच्या पुढे होते. घरी आनंदीआनंद. झाबेराम जेवायला आले. सुनंदाने कौतुकाने बरणी उघडली. मी डोळ्यांनी खुणावलं, पण बाईला खूण कळते तेव्हा ती तिला मानायची असतेच असं नाही. झाबेरामनी हिरवी चटणी समजून सिड्डूवर दोन मोठे चमचे घेतले. पहिल्या घासाला थांबले. डोळ्यांतून पाणी आलं. तरी पाहुण्यांचा मान म्हणून संपवलं, आणि वर आणखी मागितलं.

सकाळी निरोप आला की झाबेराम परसाकडून परत येईनात.

नदीत

मोजणारा स्पर्धकाचा नातेवाईक असता कामा नये, हा दुसरा नियम. सेक्रेटरी नदीकाठी उभा राहून एकेकाला विचारू लागला. हा ठाकूरजींचा चुलतभाऊ, तो मेहुणीचा दीर, तिसरा मामेसासरा. सगळं खोरंच एकमेकांचं सोयरं. शेवटी त्याची नजर माझ्यावर पडली.

"आपण नातेवाईक आहात?"

ठाकूरजी म्हणाले, "अजून नाही."

"अजून कुठी!" सुनंदा म्हणाली. "लगन तं तुमच्या मासोयीनं अडवलं!"

झालं. नातं जुळलं नव्हतं म्हणून मी निःपक्षपाती ठरलो. नातं जुळायचं ते या माशांवरच अवलंबून होतं, हे कुणाच्या नियमात बसलं नाही. मला छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, हातात पाटी दिली आणि पाण्यात उतरवलं.

पाणी थंड होतं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. थोड्या वेळाने पाय माझेच आहेत का हे पाहायला खाली वाकलो, तर विजारीत पाणी शिरलं आणि मी आडवा झालो. विजारीत कोंडलेली हवा मला वर ठेवत होती आणि आत शिरलेलं पाणी मला खाली ओढत होतं. या भांडणात मी गोल गोल फिरत पुढे निघालो. सुनंदा ओरडली, "अवो, पाटी सोडू नका! सरकारी हाये ते!" ठाकूरजींनी एका हाताने गळाची काठी सांभाळली आणि दुसऱ्याने मला विजारीच्या पट्ट्याला धरून उभं केलं. आणि पुन्हा दोरी झुलवायला लागले.

मग मासे लागू लागले. ठाकूरजी मासा जाळीत आणायचे, ओला हात करून हळूच पाटीवर ठेवायचे आणि सभ्यपणे तोंड दुसरीकडे करायचे. होणाऱ्या व्याह्याच्या मोजण्याकडे टक लावून पाहणं बरं दिसत नाही. मी मोजायचो, लिहायचो, ते आकड्याकडे एकवार बघून सही करायचे. पहिल्या वेळी त्यांच्या मिशीचं टोक हललं. मला वाटलं, आनंदाने. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी पाहिलंच नाही. मी मात्र अगदी मन लावून मोजत होतो. मुलीचं लग्न आहे, आकडा चोख हवा, एवढंच डोक्यात.

शेवटी शेवटी एक लहानसा मासा लागला. मी तोंड भिंतीला टेकवलं, पाहिलं. मापाला बोटभर कमी.

"हा बसत नाही, ठाकूरजी," मी म्हणालो. मला स्वतःला वाईट वाटत होतं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग मासा उचलून पाण्यात सोडला, आणि म्हणाले, "आपण म्हणता तर नाही बसत."

तेवढ्या एका माशाने रोशनलाल जिंकला. चषक डोक्यावर घेऊन तो नाचला, आणि नाचता नाचता मला मिठी मारून गेला. ही मिठी सगळ्या खोऱ्याने पाहिली.

त्या संध्याकाळी

प्राची आणि निशांत निकाल ऐकायला चंदीगडहून आले होते. घरात जो तो आपापला कोपरा धरून बसला होता. कोंबडासुद्धा बाजेखालून बाहेर आला नाही. प्राचीने मला परसात नेलं.

"बाबा, तुमाले हे लगन नाई पाह्यजे तं सरळ सांगाचं होतं."

"मी काय केलं?"

"त्याहिचे सारे मासे कमी मोजले तुमी! चाळीस वर्सं झाली त्याहिले मासे पकडता, हातात घेतला की माप समजते. त्याहिले वाटते, पोरीच्या बापाच्या मनात नाई. म्हनून ते बोलले नाईत. तुमचा मान ठेवला त्याहिनं."

मी शपथ घेऊन सांगितलं की एकही मासा मी चुकीचा मोजला नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा नदीत वाहून गेलो असतो तर बरं झालं असतं. मुलगी लहानपणी पडली, तापली, नापास झाली, तेव्हा मी जवळ होतो. आता तिचं मोडत होतं आणि मोडणारा मीच होतो. हे कसं झालं तेही मला समजत नव्हतं.

आत सुनंदा आणि समधीणबाई चुलीजवळ बसल्या होत्या. लग्न होवो न होवो, देणंघेणं चुकू नये म्हणून समधीणबाईंनी हातमागाचा लोकरी पट्टू, म्हणजे जाड शालीसारखं कापड, बाहेर काढला. सुनंदाला कोट शिवायला पुरेल का ते बघा, असं त्या मला खुणेने म्हणाल्या. मी सवयीने पट्टू पसरला, खिशात कायम असते ती मापाची फीत फिरवली आणि सांगितलं, "दोन मीटर."

"सव्वादोन आहे," समधीणबाई म्हणाल्या. "मी स्वतः विणलाय."

"काठाच्या दशा धरायच्या नाहीत," मी म्हणालो. टोकाला सुटलेले धागे दाखवले. "हे सोडून मोजायचं. आणि त्याच्याही आत बोटभर. तेवढं गिऱ्हाइकाचं."

आमच्या धंद्याची ही रीतच आहे. माझे वडील असंच मोजत, आजाही. कापडाच्या टोकाला जे झिरमिरं असतं ते मापात धरणारा दुकानदार मंगरूळपीरच्या बाजारात टिकत नाही. अंगठा आपोआप आत येऊन थांबतो. मला त्याला सांगावं लागत नाही.

चुलीपलीकडून ठाकूरजी उठले. माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा अंगठा धरला. मग समोरची भाजीची लांब काकडी उचलून पट्टूवर ठेवली. "हा मासा," ते म्हणाले. "मोजा."

मी मोजला. अंगठा येऊन थांबला तो शेपटीच्या अलीकडे.

"आणि हे?" त्यांनी काकडीच्या उरलेल्या टोकावर बोट ठेवलं.

"ही शेपटी," मी म्हणालो. "झिरमिरं."

सुनंदाने कपाळावर हात मारला. "माय वं! यायनं मासोयीले शर्टपीस समजलं!"

ठाकूरजी हसायला लागले. आधी मिशीत, मग खांद्यांत. शेवटी भिंतीला टेकून बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे समधीजी, माझे सगळे मासे तुम्ही गिऱ्हाइकाला बोट बोट जास्त दिलेत." प्राची हसत होती आणि रडतही होती. मी त्याच पावली सेक्रेटरीकडे निघालो. ठाकूरजींनी अडवलं. सही माझी आहे, ते म्हणाले, आकडा बदलणार नाही. रोशनलालचा चषक रोशनलालकडेच राहील. आणि नवसही तिथेच राहील.

एवढं बोलल्यावर ते हसायचे थांबले. निशांत उठून बाहेर गेला.

देवतेसमोर

नवसाचं काय करायचं ते देवतेलाच विचारावं म्हणून सकाळी सगळेच देवळात गेलो. लाकडी देऊळ, दगडी अंगण, ढोल आणि लांब कर्णे. झाबेराम दोघांच्या आधाराने आले. चेहरा उतरलेला. टोपी काढली, केस मोकळे सोडले आणि थरथरू लागले. पहिलं थरथरणं बहुधा पोटाचं होतं. पुढचं मात्र वेगळं होतं. आवाज बदलला, आणि माझ्यासारख्या माणसाचेही हात आपोआप जोडले गेले.

"नवस कुणाजवळ बोललास?" आवाज म्हणाला. "माझ्याजवळ, की स्पर्धेच्या कमिटीजवळ?"

"आपल्याजवळ, महाराज," ठाकूरजी म्हणाले.

"मी नदीतच होतो. मासे मी पाहिलेत."

ढोल वाजवणाराही ढोल खाली ठेवून पुढे सरकला.

"कागद कमिटीचा, तो त्यांच्याकडे राहू दे. सनई वाजव. आणि ज्याने शेपट्या सोडल्या, त्याने त्या भरून द्याव्यात. दोन हात लाल कापड. काठोकाठ मोजून. कमी नको, जास्त नको."

ठाकूरजी जमिनीवर डोकं टेकून बराच वेळ तसेच राहिले. मी प्राचीकडे पाहिलं. ती निशांतकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. ते मला खटकलं, आणि बरंही वाटलं. बाहेर रोशनलाल चषक घेऊन आला होता. लग्नात रुखवतावर हा मांडायला देतो म्हणाला, पण फक्त दोन दिवस.

झाबेराम भानावर आले, टोपी घातली आणि हळूच सुनंदाजवळ सरकले. ती हिरवी चटणी अजून शिल्लक आहे का, असं त्यांना विचारायचं होतं.

पुन्हा दुकानात

घरी आलो त्याच दिवशी लाल कापडाचं थान काढलं. माझ्यावर भरवसा नसल्याने सुनंदा गल्ल्याशेजारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काठोकाठ मोजजा. नाई तं लगन पुन्हा अडकन."

मी हातावर हात मोजलं. दोन हात बरोबर झाले तिथे खडूची रेघ ओढली. कात्री रेघेवर लावली. पोरगी एवढ्या लांब चालली होती, जिथे तापली तर मी पोचेपर्यंत बरी होईल, अशा घरी. आणि मी तिच्या घरच्या देवाला कापड रेघेवर कापून देत होतो. माझे डोळे भरून आले. अंगठा आपला पुढे सरकला, बोटभर. कात्री त्याच्या मागे गेली.

सुनंदाने कापड ओढून घेतलं, मोजलं आणि मटकन खाली बसली.

"झालं! बोटभर जास्तच कापलं! आता देव काय म्हनन?"

"सांगतो त्याले," मी म्हणालो, "शेपटी सोडून मोज म्हनून."